न खाल्लेली साखर

मधुमेहाच्या ओपीडीत रोज सकाळी एक संवाद हमखास ऐकू येतो. रिपोर्टवर उपाशीपोटीची साखर १७० आलेली असते. डॉक्टर विचारतात, 'काल रात्री काय खाल्लंत?' रुग्ण म्हणतो, 'एक भाकरी आणि दोडक्याची भाजी, तीही साडेसातला.' डॉक्टरांना ते खरे वाटत नाही. सोबत आलेला मुलगा वडिलांकडे संशयाने पाहतो. 'पथ्य नीट पाळा' असे सांगून पुढचा नंबर पुकारला जातो. घरी गेल्यावर रुग्ण एका भाकरीची अर्धी करतो, पुढच्या महिन्यात रात्रीचे जेवणच बंद करतो आणि तरीही सकाळची साखर तिथल्या तिथेच राहते. मग पथ्यावरचा आणि औषधावरचा, दोन्हींवरचा विश्वास उडतो.

अशा वेळी रुग्ण बहुतेकदा खरेच बोलत असतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात पोटातून रक्तात जवळजवळ काहीच साखर येत नाही. ती येते यकृतातून. आणि यकृताने ती किती सोडावी, हे ठरवण्यात मेंदूचाही हात असतो, असे गेल्या दोन-अडीच दशकांच्या संशोधनातून पुढे आले आहे. ही गोष्ट अजून आपल्या दवाखान्यांतल्या बोलण्यात उतरलेली नाही. ती उतरायला हवी, कारण 'साखर वाढली म्हणजे चोरून खाल्ले' या समजुतीने मधुमेहींचे बरेच नुकसान केले आहे.

आधी हिशेब पाहू. निरोगी प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चहाचा एक चमचा. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि त्याला स्वतःचा म्हणावा असा साठा करता येत नाही. रात्रभर हा पुरवठा यकृत करते. साठ किलो वजनाच्या माणसाचे यकृत उपाशी असताना ताशी साधारण ७ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडते. आठ तासांच्या झोपेत हा आकडा ५५ ते ६० ग्रॅमवर जातो. त्यातला काही भाग कणगीतल्या धान्यासारखा आधीच साठवलेला असतो. हा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो आणि तो सुमारे १०० ग्रॅमपर्यंत भरतो. उरलेले ग्लुकोज यकृत नव्याने तयार करते. स्नायूंतून येणारे लॅक्टेट, प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि चरबीतून सुटणारे ग्लिसरॉल हा त्याचा कच्चा माल. म्हणजे यकृत हे कोठार आहे तसा कारखानाही आहे.

या कारखान्याला लगाम घालण्याचे मुख्य काम इन्शुलिनचे. टाइप २ मधुमेहात हा लगाम ढिला पडतो. जेवण झाल्यावर यकृताने हात आवरायचा असतो, तो पुरेसा आवरला जात नाही. रात्रीही गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात पडत राहते. सकाळी उपाशीपोटी वाढलेल्या साखरेचे हे प्रमुख कारण. मेटफॉर्मिन या सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या गोळीचा एक मोठा परिणामही यकृतातली ही निर्मिती कमी करण्याचाच आहे. 'आज गोड खाल्लं नाही, म्हणून गोळी घेतली नाही' असे सांगणारे रुग्ण प्रत्येक ओपीडीत भेटतात. गोळी खाल्लेली साखर विरघळवण्यासाठी असते, असे त्यांना वाटते. न खाल्लेल्या साखरेसाठीही ती असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

इथपर्यंतची कथा यकृत आणि स्वादुपिंड या दोघांची झाली. मेंदू यात कसा आला? खरे तर तो सर्वात आधी आला होता. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८४९ मध्ये सशाच्या मेंदूच्या मागच्या भागात, चौथ्या पोकळीच्या तळाशी, सुईने टोचले. थोड्याच वेळात त्या सशाच्या लघवीत साखर उतरली. यकृत साखर तयार करते, हेही याच बर्नार यांनी त्याच सुमारास दाखवले होते. त्यामुळे मेंदू, चेतातंतू आणि यकृत अशी साखळी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पुढे १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्शुलिन हाती आले. पुढच्याच वर्षी मरणाच्या दारातली मुले त्याने वाचू लागली. एवढे लखलखीत यश मिळाल्यावर सगळे लक्ष स्वादुपिंडाकडे वळले. बर्नार यांची सुई इतिहासाच्या पुस्तकात राहिली.

मेंदूला ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्शुलिनची गरज लागत नाही. म्हणून इन्शुलिनचा आणि मेंदूचा काही संबंध नसावा, असे पुढची कित्येक वर्षे मानले गेले. १९७८ मध्ये उंदराच्या मेंदूत इन्शुलिनचे ग्राहक, म्हणजे इन्शुलिन जिथे जाऊन बसते त्या जागा, सापडल्या. इंधन घेण्यासाठी लागत नाहीत, तर मेंदूत या जागा कशासाठी? याचे एक उत्तर २००० नंतर न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या ल्युचानो रोसेट्टी यांच्या गटाने दिले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. भूक, तहान, शरीराचे तापमान, संप्रेरकांचे चढउतार यांवर तो लक्ष ठेवतो. उंदराच्या या भागात इन्शुलिनचा संदेश अडवला, तर रक्तात भरपूर इन्शुलिन असूनही यकृत साखर सोडणे पुरेसे कमी करत नाही, असे या गटाने २००२ मध्ये दाखवले. रक्तातले इन्शुलिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि 'सध्या साखर पुरेशी आहे' ही वर्दी देते, असा त्याचा अर्थ.

ही वर्दी पुढे यकृतापर्यंत कशी जाते, याचा माग २००५ मध्ये लागला. हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशींच्या पडद्यावर पोटॅशियम ये-जा करणारी दारे असतात. इन्शुलिनमुळे ती उघडतात. मग संदेश मेंदूच्या देठाकडे आणि तिथून व्हेगस या लांबलचक चेतातंतूमार्फत यकृताकडे जातो. यकृत नवी साखर तयार करणे कमी करते. संशोधकांनी उंदरांमध्ये यकृताकडे जाणारी व्हेगसची फांदी कापली, तेव्हा हा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे बर्नार यांच्या डोळ्यांसमोरची साखळी दीडशे वर्षांनी कडीकडीने जुळून आली.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसाच्या मेंदूत नळी घालून प्रयोग करता येत नाहीत. आइन्स्टाइन कॉलेजमधल्या मेरेडिथ हॉकिन्स यांच्या गटाने त्यासाठी डायझॉक्साइड हे जुने औषध वापरले. तोंडावाटे घेतलेले हे औषध पोटॅशियमची ती दारे उघडते. प्रयोगात रक्तातले इन्शुलिन आणि इतर संप्रेरके बाहेरून ठराविक पातळीवर धरून ठेवली होती. असे केल्याने स्वादुपिंडाचा प्रभाव बाजूला राहिला. मधुमेह नसलेल्या लोकांमध्ये काही तासांनी यकृताची साखर-निर्मिती कमी झाली. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये याच गटाने टाइप २ मधुमेहींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. त्यांच्यात डायझॉक्साइड देऊनही यकृताचे काम तसेच चालू राहिले. अभ्यासातल्या लोकांची संख्या लहान होती. तरी इशारा स्पष्ट होता. टाइप २ मधुमेहात यकृत आणि स्नायू जसे इन्शुलिनला दाद देईनासे होतात, तशी मेंदूकडून यकृताला जाणारी सूचनाही बहुधा दुबळी होते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डायझॉक्साइड हे मधुमेहावरचे औषध नाही. उलट, तेच औषध स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटणे थांबवते आणि साखर वाढवते. साखर धोकादायकरीत्या खाली जाणाऱ्या काही दुर्मीळ आजारांत ते म्हणूनच देतात. प्रयोगशाळेत मेंदूचे काम उलगडण्यासाठी ते एक हत्यार म्हणून वापरले गेले, इतकेच.

दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवी. मेंदूचा वाटा नक्की किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही. स्वादुपिंडातून निघालेले इन्शुलिन आधी थेट यकृतात पोहोचते आणि तिथे काही मिनिटांत काम करते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात कुत्र्यांवर वर्षानुवर्षे झालेल्या प्रयोगांत हा थेट परिणामच वरचढ ठरला. मेंदूमार्फत होणारा परिणाम दिसला, पण तो सावकाश होता. चरबीच्या पेशींवरही इन्शुलिन काम करते, तिथून यकृताला मिळणारा कच्चा माल कमी होतो आणि साखर-निर्मिती आपोआप घटते. आणखी एक पुरावा यकृत प्रत्यारोपणाचा. दात्याचे यकृत काढताना त्याचे चेतातंतू कापले जातात. तरीही नवे यकृत रक्तातली साखर बऱ्यापैकी सांभाळते. तेव्हा मेंदू हा यकृताचा एकमेव मालक नाही. त्याची भूमिका वरून देखरेख करणाऱ्याची दिसते. हात यकृताचे, मुख्य लगाम इन्शुलिनचा आणि मेंदूची नजर, असे हे तिहेरी काम आहे. तिघांपैकी एक ढिला पडला तर बाकीचे दोघे काही काळ सांभाळून घेतात. टाइप २ मधुमेहात तिघेही हळूहळू थकतात.

मग सामान्य मधुमेहीला या वादाचे काय करायचे? त्याच्या रोजच्या आयुष्याशी याचा संबंध मेंदूच्या दुसऱ्या कामातून येतो. मेंदू यकृताला जसे 'थांब' सांगतो तसे 'सोड' असेही सांगतो. या दुसऱ्या कामाबद्दल फारसा वाद नाही. साखर ७० च्या खाली घसरू लागली, की मेंदू सिम्पथेटिक चेतासंस्थेला जागे करतो. ॲड्रेनलिन आणि ग्लुकागॉन ही संप्रेरके वाढतात आणि यकृत कोठार उघडते. घाम, थरथर, धडधड ही त्या धावपळीची बाहेर दिसणारी खूण. हृदयविकाराचा झटका, न्यूमोनिया, मोठी शस्त्रक्रिया, अपघात अशा प्रसंगीही हीच यंत्रणा कॉर्टिसोलच्या साथीने कामाला लागते. ज्याला कधी मधुमेह नव्हता त्याचीही साखर मग २०० च्या वर जाऊ शकते. आयसीयूतल्या रुग्णाला 'काय खाल्लं' असे कोणी विचारत नाही, कारण तिथे कारण उघड असते. ओपीडीतल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र तेच कारण लपलेले राहते.

पहाटेची गोष्टही अशीच. मेंदूतले घड्याळ उजाडण्यापूर्वीच शरीराला उठण्याच्या तयारीला लावते. रात्री ग्रोथ हॉर्मोन वाढलेले असते, पहाटे कॉर्टिसोल चढू लागते. यकृत साखर सोडते, म्हणजे उठल्याबरोबर हातपाय चालावेत. निरोगी माणसात तेवढे इन्शुलिनही वाढते आणि साखर जागेवर राहते. मधुमेहीकडे तो जास्तीचा साठा नसतो. म्हणून रात्री झोपताना १३० असलेली साखर न खाता, न पिता सकाळी १६० होऊ शकते.

झोप हा यातला दुर्लक्षित दुवा. शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चारच तास झोपू दिले. एवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घसरली. रात्रपाळी करणारे पोलीस, परिचारिका, वॉचमन, लांबच्या गाडीचे चालक यांच्यात टाइप २ मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळते. त्यामागे अवेळी जेवण आहेच, शिवाय हे बिघडलेले घड्याळही आहे. घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसाचा मेंदू रात्रभर पुन्हा पुन्हा दचकून जागा होतो. त्याची सकाळची साखर आवरत नसेल, तर भाकरी मोजण्याआधी त्याच्या घोरण्याची चौकशी व्हायला हवी.

मेंदूचा आणखी एक धडा उपासाच्या दिवसांत कामी येतो. आपल्याकडे चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र आणि रमजानचे रोजे हे सगळे मधुमेहीही करतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना जेवण टाळले, तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. साखर अशी वारंवार उतरू लागली की मेंदूला त्याची सवय होते. घाम-थरथरीची घंटा उशिरा वाजते आणि शेवटी वाजेनाशी होते. मग माणूस काहीही पूर्वसूचना न मिळता गोंधळतो, बडबडतो, बेशुद्ध पडतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत घरच्यांना तो झटका किंवा विसराळूपणा वाटतो. सकाळची साखर वाढते म्हणून स्वतःच्या मनाने रात्रीचे जेवण बंद करणारे रुग्ण याच खड्ड्याच्या काठावर चालत असतात. जेवण सुटते, गोळी चालूच राहते.

या संशोधनाचा गैरवापर करणारेही तयार बसलेले आहेत. 'मधुमेह पोटात नाही, मेंदूत आहे. मन शांत करा, औषधे सोडा' अशी वाक्ये मोबाइलवर फिरायला वेळ लागणार नाही. ध्यान, प्राणायाम, पुरेशी झोप यांनी ताण कमी होतो आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते, हे मान्य. पण मेंदूचा वाटा आहे याचा अर्थ इन्शुलिनचा नाही, असा होत नाही. टाइप १ मधुमेहात इन्शुलिन बंद करणे हा काही दिवसांत जिवावर बेतणारा प्रकार आहे. टाइप २ मध्ये औषध सोडल्याची किंमत काही वर्षांनी डोळे, मूत्रपिंड आणि पाय चुकवतात. नाकावाटे इन्शुलिन देऊन ते मेंदूपर्यंत पोहोचवण्याचे प्रयोग टोरांटो आणि जर्मनीतल्या ट्युबिंगन इथे झाले आहेत. त्यांतून यकृताच्या कामावर आणि शरीराच्या इन्शुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादावर परिणाम दिसला. मात्र त्यातून मधुमेहाचा उपचार म्हणून वापरता येईल असे काही अजून निघालेले नाही. कोणी तसे विकत असेल, तर त्यापासून दूर राहावे.

मग बदलायचे काय? सर्वात आधी डॉक्टरांचा पहिला प्रश्न. 'काय खाल्लंत' याच्या जोडीला 'झोप कशी लागते, घोरता का, कामाची पाळी कोणती, घरात काही आजारपण किंवा काळजी आहे का, दुखण्यासाठी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतलंत का' हे विचारायला दोन मिनिटे पुरतात. त्यातले कुठलेही उत्तर साखरेचा आकडा समजावून जाऊ शकते. फक्त उपाशीपोटीच्या आकड्यावर औषध वाढवण्याऐवजी जेवणानंतरची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी एकत्र पाहावी. रात्री इन्शुलिन घेणाऱ्याची सकाळची साखर जास्त येत असेल, तर डोस वाढवण्याआधी एखाद-दोन वेळा पहाटे तीनच्या सुमारास साखर पाहून घ्यावी. ती तेव्हा उतरलेली असेल आणि डोस वाढवला, तर नुकसान होईल.

रुग्णांसाठीही काही साध्या गोष्टी आहेत. रात्रीचे जेवण बंद करू नये. ते लवकर, हलके आणि रोज एकाच वेळी घ्यावे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे. गोड खाल्ले नाही म्हणून मेटफॉर्मिन चुकवू नये. पोट बिघडत असेल तर ती जेवणासोबत घ्यावी आणि डॉक्टरांना सांगावे. पोट सुटलेले असेल तर वजन उतरवण्याला पर्याय नाही. यकृतातली चरबी कमी झाली की यकृत पुन्हा इन्शुलिनचे ऐकू लागते. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला, तेव्हा आठवडाभरातच उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली होती. हा प्रयोग घरी, गोळ्या चालू ठेवून, कोणाला न विचारता करण्यासारखा नाही. उपास करायचा असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलून घ्यावी.

आणि व्यवस्थेने काय करावे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, तो चांगलाच आहे. पण बोटाच्या थेंबातून निघालेला आकडा हातात ठेवून रुग्णाला 'पथ्य पाळा' एवढेच सांगितले, तर तपासणीचे निम्मे काम वाया जाते. आशा कार्यकर्ती आणि आरोग्यसेविका यांच्या प्रशिक्षणात झोप, ताण, रात्रपाळी आणि साखर उतरण्याची लक्षणे यांना जागा हवी. तालुक्याच्या रुग्णालयात एचबीएवनसीची सोय नियमित हवी. रात्रपाळी देणाऱ्या सरकारी खात्यांनी तरी आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांच्या पाळ्या दर आठवड्याला उलटसुलट न करता स्थिर ठेवाव्यात. यातल्या कशालाही नवे औषध लागत नाही.

मधुमेही माणसावर आधीच पुष्कळ बंधने असतात. त्यात खोटेपणाच्या आरोपाची भर पडली, की तो डायरीत आकडे बदलून लिहू लागतो, तपासणीच्या आदल्या दोन दिवशी उपाशी राहतो आणि हळूहळू दवाखान्यात यायचेच थांबवतो. मग पुढची भेट पायाच्या जखमेनेच होते. मेंदू, यकृत आणि स्वादुपिंड यांच्यातला रात्रभर चाललेला व्यवहार समजून घेतला, तर डॉक्टर रुग्णावर रागावण्याऐवजी त्याच्यासोबत कारण शोधू शकतो आणि रुग्ण खरे आकडे घेऊन परत येऊ शकतो. साखर आटोक्यात येण्याची शक्यता या दुसऱ्या वाटेवर बरीच जास्त आहे.